लिहिता हात नेमका कशामुळे चालतो? सर्जनशीलतेच्या प्रेरणेविषयी एक प्रश्न

कोरे पान :

नमस्कार. गेली सोळा वर्षे मी कथा लिहितो आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका संग्रहाला पुरस्कार मिळाला. त्याआधी पुरस्काराचा विचार मनात कधी आलाच नव्हता असे म्हटले तर ते खोटे ठरेल; पण लिहिताना तो समोर नसे, एवढे मात्र खरे. पुरस्कारानंतर लिहायला बसलो की पहिल्याच वाक्यापाशी कोणीतरी मागे उभे राहून वाचत आहे असे वाटू लागले, आणि ते वाक्य मी कथेसाठी न लिहिता त्या अदृश्य वाचकासाठी लिहू लागलो. आठ महिन्यांत एकही कथा पूर्ण झाली नाही. मग वडिलांचे आजारपण आले. रुग्णालयातल्या बाकावर रात्री जागून काढत असताना, कोणी मागितलेली नसताना आणि छापण्याचा विचारही मनात नसताना, एक कथा पाच दिवसांत लिहून झाली. माझ्या आजवरच्या लेखनात तीच सर्वांत खरी आहे असे मला वाटते.

या दोन अनुभवांचा मेळ मला घालता येत नाही. निर्मितीची प्रेरणा आतून येते असे म्हणावे, तर कौतुकासारख्या बाहेरच्या गोष्टीने ती इतकी सहज आटते कशी? दुःखातून येते असे म्हणावे, तर आयुष्यातल्या इतर अनेक दुःखांनी मला एक ओळही दिलेली नाही. बोलविता धनी वेगळाच असतो, असे आपल्याकडे फार पूर्वीपासून मानले गेले आहे. ते मान्य करायचे, तर पहाटे उठून टेबलाशी बसण्याच्या माझ्या सोळा वर्षांच्या सवयीला काय अर्थ उरतो? माणूस नवे काही घडवतो तेव्हा त्याला पुढे ढकलणारे नेमके काय असते, याविषयी ज्यांनी वाचले आहे किंवा स्वतः अनुभवले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. हा प्रश्न माझ्यापुरता कुतूहलाचा उरलेला नाही.

निरीक्षक :

तुमच्या अनुभवाचा पहिला भाग मानसशास्त्रातील एका प्रसिद्ध प्रयोगाशी इतका जुळतो की प्रथम तोच सांगतो. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या संशोधकांनी बालवाडीतील अशी मुले निवडली, ज्यांना रंगीत पेनांनी चित्रे काढायला मुळातच आवडत होते. काही मुलांना आधीच सांगितले की चित्र काढल्यास तुम्हाला प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर अचानक तेच प्रशस्तिपत्र दिले. आणि काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच पेन वर्गात पुन्हा ठेवले, तेव्हा बक्षीस ठरवून चित्रे काढलेली मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची गोडी मात्र कमी झालेली नव्हती. म्हणजे घात बक्षिसाने केला नव्हता, तर 'मी हे बक्षिसासाठी करतो आहे' या समजुतीने केला होता.

तुमच्या क्षेत्राच्या अधिक जवळचे काम मानसशास्त्रज्ञ तेरेसा अमाबिले यांचे आहे. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात लेखनाची आवड असलेले ७२ तरुण सहभागी होते. प्रत्येकाने एक छोटी कविता लिहिली. त्यानंतर एका गटाला लेखनाच्या आंतरिक कारणांची यादी महत्त्वाच्या क्रमाने लावायला दिली, दुसऱ्या गटाला पैसा, प्रसिद्धी, वाहवा अशा बाह्य कारणांची यादी दिली, तर तिसऱ्या गटाला यादीच दिली नाही. मग सर्वांनी दुसरी कविता लिहिली आणि अनुभवी कवींनी त्या तपासल्या. बाह्य कारणांवर काही मिनिटे विचार केलेल्या गटाच्या कविता इतरांपेक्षा कमी सर्जनशील ठरल्या. कोणाला काही मिळाले नव्हते, कोणाचे काही गेलेही नव्हते. लक्ष कोठे वळले, एवढाच फरक होता.

मात्र यावरून 'बक्षीस वाईट' असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट आयझेनबर्गर यांनी या मताला ठाम विरोध केला, आणि नावीन्यासाठीच बक्षीस आहे असे स्पष्ट सांगितले तर लोक अधिक नवे सुचवतात, हे प्रयोगांनी दाखवून दिले. हा वाद पुढेही बराच काळ चालला. माझ्या मते दोन्ही बाजूंचे निकाल एकत्र ठेवले की एक गोष्ट उघड होते. बाहेरून आलेली गोष्ट जर लक्ष कामाकडेच नेत असेल, तर ती मारक ठरत नाही. ती लक्ष काम करणाऱ्याकडे, त्याच्या किमतीकडे आणि त्याच्या नावाकडे वळवत असेल, तर ती मारक ठरते. तुमच्या मागे उभा राहिलेला वाचक कथा वाचत नव्हता, तो तुम्हाला वाचत होता. रुग्णालयातल्या त्या रात्री तुम्ही स्वतःकडे पाहतच नव्हता, कारण तिथे पाहण्यासारखे त्याहून मोठे काहीतरी समोर होते.

अनुमान :

निरीक्षक यांचे म्हणणे पटले, पण ते 'बोलविता धनी' या मुद्द्याला हात घालत नाही. मी गणिताचा अभ्यासक आहे, आणि तो अनुभव आमच्या क्षेत्रात इतका सर्वसाधारण आहे की त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

फ्रेंच गणितज्ञ आंरी प्वाँकारे यांनी १९०८ साली पॅरिसमधील मानसशास्त्रज्ञांसमोर दिलेल्या व्याख्यानात स्वतःच्या एका शोधाची हकीकत सांगितली. एका विशिष्ट प्रकारची फलने (फंक्शन्स) अस्तित्वात असूच शकत नाहीत हे सिद्ध करण्याचा ते पंधरा दिवस प्रयत्न करत होते. रोज टेबलाशी बसून तास-दोन तास अनेक जुळण्या करून पाहायच्या आणि हाती काहीच लागायचे नाही. एका संध्याकाळी, सवय नसताना, त्यांनी काळी कॉफी घेतली आणि झोप आली नाही. कल्पनांची एकमेकींवर झुंबड उडाली, आणि सकाळपर्यंत अशा फलनांचा एक वर्ग अस्तित्वात असल्याचे त्यांनी सिद्ध केले होते. म्हणजे जे नाही असे दाखवायला ते निघाले होते, तेच त्यांना सापडले. पुढे ते एका भूवैज्ञानिक सहलीला गेले, तिथल्या गडबडीत गणित विसरले, आणि कुतांस या गावी घोडागाडीच्या पायरीवर पाऊल ठेवताक्षणी त्यांच्या मनात आले की या फलनांसाठी वापरलेली रूपांतरे आणि अयुक्लिडीय, म्हणजे शाळेत शिकवल्या जाणाऱ्या युक्लिडच्या भूमितीहून वेगळ्या भूमितीतील रूपांतरे एकच आहेत. गाडीत आधीचे संभाषण पुढे चालू राहिले. पडताळणी त्यांनी परतल्यावर सावकाश केली.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण पायरीवरच्या पावलापाशी थांबतात. प्वाँकारे स्वतः मात्र तिथे थांबले नाहीत. असे अचानक होणारे साक्षात्कार आधीच्या जाणीवपूर्वक आणि वरवर निष्फळ ठरलेल्या परिश्रमांवाचून कधीच होत नाहीत, असे त्यांनी स्पष्ट बजावले आहे. त्यांच्या मते मनाच्या नकळत असंख्य जुळण्या होत राहतात, पण जाणिवेच्या उंबरठ्यावर त्यांतील मोजक्याच पोहोचतात. कोणत्या पोहोचायच्या, हे गणितज्ञाची सौंदर्यदृष्टी ठरवते. मला हे वाक्य वाचून फार वर्षे झाली तरी त्याचे आश्चर्य ओसरलेले नाही. तर्काच्या सर्वांत कठोर शास्त्रातही निवड सौंदर्याच्या जाणिवेने होते, आणि ती जाणीव पंधरा-पंधरा दिवसांच्या निष्फळ बैठकांतूनच तयार होते.

इंग्रज विचारवंत ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये या प्रक्रियेचे तयारी, उबवण, उन्मेष आणि पडताळणी असे चार टप्पे मांडले, ते बहुतेकांना ठाऊक असतील. टप्प्यांची ही वाटणी मला थोडी जास्तच नेटकी वाटते, कारण प्रत्यक्षात हे टप्पे एकमेकांत मिसळलेले असतात. पण 'उबवण' ही केवळ कल्पना नाही. सिओ आणि ऑर्मेरॉड या संशोधकांनी २००९ साली अशा ११७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा प्रश्न बाजूला ठेवल्याने तो सुटण्यास खरोखर मदत होते असे दिसले. आणि बाजूला ठेवण्यापूर्वीची तयारी जितकी दीर्घ, तितका हा लाभ अधिक, असेही आढळले.

म्हणून तुमच्या सोळा वर्षांच्या सवयीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की बोलविता धनी वेगळा असेलही, पण त्याला बोलण्यासाठी भाषा तुमच्या पहाटेच्या बैठकींनीच मिळवून दिलेली आहे. ते आठ महिनेही वाया गेले असे मी मानणार नाही. पाच दिवसांत लिहिलेली कथा पाच दिवसांत तयार झालेली नसते.

मधली रेघ :

मी चित्रकार आहे. वरच्या दोन्ही प्रतिसादांतून बरेच शिकायला मिळाले, तरी दोन ठिकाणी अडले, ते मांडते.

पहिले असे की प्रेरणा आतून यावी, बाहेरून आलेली अशुद्ध, असा एक सूर या चर्चेला नकळत लागतो आहे. कलेचा इतिहास त्याला साथ देत नाही. मायकेलअँजेलो यांना सिस्टिन चॅपेलच्या छताचे काम पोप दुसरे ज्युलियस यांनी सोपवले होते. आपण शिल्पकार आहोत, चित्रकार नव्हे, अशी त्यांची धारणा होती आणि काम त्यांना नकोसे होते; तरी १५०८ ते १५१२ या काळात त्यांनी जे केले ते केवळ कर्तव्य म्हणून केलेले वाटत नाही. १७२३ पासून जर्मन संगीतकार बाख लाइपझिगच्या चर्चसाठी काम करू लागले, तेव्हा सुरुवातीची काही वर्षे त्यांना जवळजवळ दर रविवारी एक नवी रचना द्यावी लागत असे. ती लिहायची, तिच्या प्रती करून घ्यायच्या, गायकवादकांकडून बसवून घ्यायची आणि पुढच्या आठवड्याची सुरू करायची. पगारी नोकरी, ठरलेला विषय, ठरलेली मुदत आणि हाताशी असतील तेवढेच गायक! या अटींत बसून जे संगीत निर्माण झाले ते आजही लोक ऐकतात. मुदत आणि मागणी यांनी त्यांची प्रेरणा मारली नाही. निरीक्षक यांनी शेवटी जो निकष सांगितला, तो मला इथे लागू पडतो असे वाटते, कारण रविवारची मुदत बाख यांना 'तू किती मोठा आहेस' असे विचारत नव्हती. 'पुढचा स्वर कोणता' एवढेच विचारत होती.

बंधनाविषयी आणखी थोडे. छंदात लिहिणाऱ्याला हे चांगले कळेल. वृत्तात बसणारा शब्द शोधताना कवीच्या हाती असा एखादा शब्द लागतो, जो त्याने मोकळेपणी लिहिताना कधीच वापरला नसता. मनात पहिल्यांदा येते ते बहुधा सवयीचे असते, आणि ते पहिले उत्तर नाकारण्याची सक्ती बंधन आपल्यावर करते. माझ्या विद्यार्थ्यांना मी 'काहीही काढा' असे सांगते तेव्हा सगळ्यांची चित्रे एकसारखी येतात. 'फक्त तीन रेषांत झोपलेले मांजर काढा' असे सांगितले, की प्रत्येकाचे मांजर वेगळे होते.

दुसरा मुद्दा दुःखाचा. सर्जनशील माणूस म्हणजे दुभंगलेला, यातना भोगणारा माणूस, या कल्पनेने आमच्या क्षेत्रात फार नुकसान केले आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांचे नाव नेहमी यासाठी घेतले जाते. पण त्यांचा कालक्रम पाहा. त्यांनी जेमतेम दहा वर्षांत सुमारे ८६० तैलचित्रे काढली, त्यांपैकी दीडशेच्या आसपास सें-रेमीच्या मनोरुग्णालयातील एका वर्षात. मात्र आजाराच्या झटक्यांच्या काळात त्यांचे काम थांबत असे. चित्रे झाली ती दोन झटक्यांमधल्या शुद्ध, शांत आणि अतिशय शिस्तबद्ध दिवसांत. आजार त्यांच्या हातून ब्रश काढून घेत होता आणि ते तो पुन्हा उचलत होते. स्वीडनमध्ये दहा लाखांहून अधिक रुग्णांच्या आणि त्यांच्या नातेवाइकांच्या नोंदी तपासणारा एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यातही सर्जनशील व्यवसायांतील लोकांमध्ये मानसिक आजार सरसकट अधिक असल्याचे दिसले नाही. द्विध्रुवी विकार (टोकाचा उत्साह आणि टोकाची खिन्नता आलटून पालटून येणारा आजार) तेवढा अपवाद होता. लेखकांमध्ये मात्र धोका अधिक आढळला, आणि ही बाब गौरवाने मिरवण्याची नाही, काळजीची आहे.

मग दुःखाचा निर्मितीशी काहीच संबंध नाही का? आहे, पण वेगळ्या प्रकारचा. १९३७ च्या जानेवारीत पिकासो यांच्याकडे पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातील स्पॅनिश दालनासाठी भित्तिचित्राचे काम आले. कित्येक आठवडे त्यांना विषय गवसत नव्हता. २६ एप्रिलला स्पेनमधील गेर्निका गावावर बाँबवर्षाव झाला आणि १ मेला पहिले रेखाटन झाले. जूनच्या सुरुवातीला पावणेआठ मीटर रुंदीचे ते चित्र पूर्ण झाले होते. इथपर्यंतची गोष्ट 'दुःखातून कला' या म्हणण्याला पुष्टी देते असे वाटेल. पण छायाचित्रकार डोरा मार यांनी चित्र घडत असतानाची छायाचित्रे काढून ठेवली आहेत आणि रेखाटनेही चाळीसहून अधिक उपलब्ध आहेत. ती क्रमाने पाहिली की वेगळेच काही दिसते. सुरुवातीच्या अवस्थेत पडलेल्या सैनिकाचा हात मूठ वळून वर उठलेला होता. तो पुढे गेला. बैलाचे शरीर एका बाजूने दुसऱ्या बाजूला वळवले गेले. घोड्याचे खाली झुकलेले डोके वर आले. वर उठलेली मूठ क्रोध सांगायला किती सोपी होती! ती पुसणाऱ्या माणसाला त्या क्षणी क्रोध चालवत नव्हता. चित्रात अजून काहीतरी चुकते आहे ही अस्वस्थता चालवत होती. दुःखाने विषय आणि निकड दिली, पण त्या पाच आठवड्यांत रोज सकाळी हात चालवला तो चित्राच्या अपुरेपणाने.

कोरे पान :

सर्वांचे मनापासून आभार. 'तो तुम्हाला वाचत होता' हे वाक्य मी वहीत लिहून घेतले आहे. मधली रेघ, उठलेल्या मुठीविषयी तुम्ही जे लिहिले ते वाचून मी माझ्या कथेचा पहिला मसुदा पुन्हा काढला. त्यातही एक 'मूठ' होती. वडिलांचा हात धरून मुलगा रडतो, असा शेवट मी पहिल्या रात्री लिहिला होता आणि तिसऱ्या रात्री काढून टाकला होता. तो का काढला हे तेव्हा मला सांगता आले नसते. आजही पुरते सांगता येत नाही.

तरी एक शंका उरते. अपुरेपणाची जाणीव हात चालवते हे मान्य केले, तर ती जाणीव मुळात येते कोठून? माझ्या शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसालाही तीच रात्र होती. त्याला कथा लिहाविशी वाटली नाही.

एकाच वेळी :

या शंकेच्या निम्म्या उत्तरासाठी व्यक्तीच्या बाहेर पाहावे लागेल. कलनशास्त्र (कॅलक्युलस) न्यूटन आणि लायब्निझ यांनी स्वतंत्रपणे घडवले. अयुक्लिडीय भूमिती लोबाचेव्हस्की यांनी १८२९ मध्ये आणि बोल्याय यांनी १८३२ मध्ये प्रसिद्ध केली. उत्क्रांती नैसर्गिक निवडीने होते ही कल्पना डार्विन वीस वर्षे मनात घोळवत होते आणि १८५८ मध्ये निसर्ग-अभ्यासक आल्फ्रेड वॉलेस यांचे पत्र आले, ज्यात जवळपास तीच कल्पना होती. ऑगबर्न आणि थॉमस या समाजशास्त्रज्ञांनी १९२२ साली अशा एकाच वेळी लागलेल्या १४८ शोधांची यादी केली होती. ज्ञान एका ठिकाणी येऊन अडते, त्या अडचणीची जाणीव अनेकांना एकदम होते आणि त्यांच्यातील काही जण ती सोडवतात. तेव्हा अपुरेपणा व्यक्तीच्या मनात असतो तितकाच तो त्या काळाच्या ज्ञानात, भाषेत आणि साधनांत असतो. डार्विन आणि वॉलेस या दोघांनीही अर्थशास्त्रज्ञ माल्थस यांचे लोकसंख्येवरील लेखन वाचलेले होते, हे विसरू नये.

मधली रेघ :

विज्ञानासाठी हे मान्य. वॉलेस नसते तरी नैसर्गिक निवड सापडली असती, डार्विन नसते तरी सापडली असती. पण पिकासो नसते तर ते विशिष्ट चित्र दुसऱ्या कोणाच्या हातून झाले असते असे मला वाटत नाही. शैली काळाची असू शकते, पण पुसलेली मूठ एकाच माणसाची असते.

पूर्वसूरी :

चर्चा योग्य ठिकाणी आली आहे. 'कोरे पान' यांच्या शंकेवर आपल्या काव्यशास्त्राने फार बारकाईने विचार केलेला आहे, तो इथे यायला हवा.

संस्कृत काव्यशास्त्रकार भट्टतौत यांनी प्रतिभेची केलेली व्याख्या प्रसिद्ध आहे : 'प्रज्ञा नवनवोन्मेषशालिनी प्रतिभा मता'. नवे नवे उन्मेष ज्या प्रज्ञेला फुटत राहतात, ती प्रतिभा. यात 'नव' हा शब्द दोनदा येतो, तिकडे मी नेहमी विद्यार्थ्यांचे लक्ष वेधत असे. एकदा काही नवे सुचणे पुरेसे नाही, ते फुटत राहिले पाहिजे. पण अधिक महत्त्वाचे मला 'काव्यप्रकाश' लिहिणाऱ्या मम्मटांचे म्हणणे वाटते. काव्य कशामुळे निर्माण होते, हे सांगताना त्यांनी तीन गोष्टी दिल्या : शक्ती, म्हणजे जन्मजात संस्कार, निपुणता, म्हणजे लोकव्यवहार, शास्त्रे आणि काव्ये यांच्या निरीक्षणाने आलेले कौशल्य, आणि जाणकारांच्या मार्गदर्शनाखाली केलेला अभ्यास. कारणे तीन असूनही त्यांनी 'हेतु' हा शब्द एकवचनात वापरला, आणि तो चुकून वापरलेला नाही हे स्वतःच स्पष्ट केले : या तिन्ही गोष्टी मिळून एक हेतू आहे, तीन हेतू नव्हेत. आतले की बाहेरचे, देणगी की मेहनत, व्यक्ती की काळ असे जे पर्याय आपण वर एकमेकांसमोर उभे केले, त्यांतील एक निवडण्याचा आग्रहच त्यांनी नऊशे वर्षांपूर्वी बाजूला ठेवला होता.

'काव्यमीमांसा' लिहिणाऱ्या राजशेखरांनी केलेला एक भेदही इथे उपयोगी पडेल. प्रतिभा दोन प्रकारची : कारयित्री, म्हणजे घडवणारी, आणि भावयित्री, म्हणजे आस्वादणारी. शेजारच्या बाकावरच्या माणसाला कथा सुचली नाही, यावरून त्याच्यापाशी काही नव्हते असे ठरत नाही. पण मला या भेदाचा आणखी एक अर्थ दिसतो, जो राजशेखरांना अभिप्रेत होता असा माझा दावा नाही. घडवणाऱ्याच्या ठायी दोन्ही प्रतिभा एकाच वेळी लागतात. एक लिहिते, दुसरी वाचते आणि 'हे अजून तसे नाही' असे सांगते. 'मधली रेघ' ज्याला अपुरेपणा म्हणतात, तो या दोघींमधल्या अंतरातून जाणवतो. वर्षानुवर्षे चांगले वाचलेल्या, पाहिलेल्या, ऐकलेल्या माणसाची भावयित्री प्रतिभा त्याच्या हाताच्या पुढे धावते, आणि हात तिला गाठण्यासाठी धडपडतो. म्हणूनच नवशिका स्वतःच्या कामावर लवकर समाधानी होतो आणि जाणता होत नाही. पुरस्कारानंतर तुमच्या बाबतीत जे झाले, ते या दृष्टीने पाहिले तर असे म्हणता येईल, की आतल्या वाचकाच्या जागी बाहेरचा वाचक येऊन बसला. बाहेरचा वाचक 'हे चांगले आहे' किंवा 'हे वाईट आहे' इतकेच सांगू शकतो. 'हे अजून तसे नाही' असे तो सांगू शकत नाही, कारण 'तसे' म्हणजे कसे, हे त्याला ठाऊक नसते.

ही अस्वस्थता किती जुनी असावी, याविषयी एका वस्तूचा उल्लेख करावासा वाटतो. जर्मनीच्या दक्षिण भागातील होलेनश्टाइन-श्टाडेल या गुहेत १९३९ साली मॅमथच्या (हत्तीसारख्या एका नामशेष प्राण्याच्या) सुळ्याचे तुकडे सापडले. ते पुढे जुळवले तेव्हा त्यांतून सिंहाचे डोके आणि माणसाचे शरीर असलेली सुमारे ३१ सेंटिमीटर उंचीची मूर्ती तयार झाली. तिचे वय अंदाजे ४०,००० वर्षे आहे. त्या काळच्या दगडी हत्यारांनी तशी मूर्ती कोरून पाहण्याचा प्रयोग झाला, तेव्हा सुमारे चारशे तास लागतील असे दिसले. त्याआधी मानवाच्या पूर्वजांनी हातकुऱ्हाडीचा एकच घाट दहा लाख वर्षांहून अधिक काळ फारसा न बदलता घडवला होता; कौशल्य होते, सातत्य होते, पण ठरलेल्या घाटापुढे जाण्याची ओढ त्यात क्वचितच दिसते. आणि मग हिमयुगाच्या थंडीत, जिथे प्रत्येक तास अन्न आणि आग मिळवण्यासाठी हवा होता, तिथे कोणीतरी चारशे तास अशा प्राण्यासाठी दिले जो कोणी कधीच पाहिलेला नव्हता. त्याच्या टोळीने त्याला ते तास दिले असणार. म्हणजे पाहणारेही होतेच. त्या मूर्तीचा उपयोग पूजेसाठी होता की कथा सांगण्यासाठी, यावर मी काही म्हणणार नाही. पण सुळ्याच्या वळणात बसणारे दोन पाय वेगळे करताना, खांद्याची उतार घासताना, त्या माणसाच्या मनात एक सिंह होता आणि हातात दुसरा, आणि त्या दोघांमधले अंतर त्याला स्वस्थ बसू देत नव्हते, एवढे मला त्या मूर्तीकडे पाहून खात्रीने वाटते.

अनुमान :

पूर्वसूरी, तुमच्या मांडणीत एक भर घालू का? आतला वाचक फार लवकर बोलू लागला तरी काम थांबते. प्वाँकारे यांच्या त्या पंधरा दिवसांत त्यांनी निष्फळ जुळण्या करून पाहिल्या, म्हणजे आतल्या परीक्षकाला काही काळ गप्प बसवले. सौंदर्यदृष्टी निवड करते हे खरे, पण निवडण्यासाठी आधी ढीग लागतो. मानसशास्त्रज्ञ डीन सायमंटन यांनी शास्त्रज्ञ आणि कलावंत यांच्या कारकिर्दींचा दीर्घ अभ्यास करून असे मांडले आहे, की ज्या काळात एखाद्याची उत्तम कामे सर्वाधिक होतात, बहुधा त्याच काळात त्याची सामान्य कामेही सर्वाधिक झालेली असतात. हे वाचून मला स्वतःला फार धीर आला होता.

पूर्वसूरी :

भर मान्य आहे, आणि ती आवश्यकही होती. कारयित्रीला आधी बोलू द्यावे आणि भावयित्रीने नंतर ऐकावे, हा क्रम मी गृहीत धरला होता. तो स्पष्ट सांगायला हवा होता.

कोरे पान :

गेले चार दिवस हे सर्व पुन्हा पुन्हा वाचले. माझ्या प्रश्नातच एक चूक होती असे आता वाटते. प्रेरणा ही लिहिण्याच्या आधी कोठूनतरी येणारी गोष्ट आहे असे धरून मी चाललो होतो, आणि ती येत नाही म्हणून लिहीत नव्हतो. रुग्णालयातल्या पहिल्या रात्री मात्र मी कथा लिहायला बसलोच नव्हतो. वडील झोपेत पांघरुणाची कड दोन बोटांनी चाचपत असत, ती हालचाल शब्दांत पकडता येते का, एवढेच पाहत होतो. पहिले वाक्य चुकले. दुसरे थोडे जवळ गेले. ते आणखी जवळ न्यायचे तर त्यांची पूर्वीची कापड दुकानातील नोकरी, कापड बोटांत धरून त्याचा पोत सांगण्याची त्यांची सवय, हे सगळे आत आणावे लागले, आणि त्यातून कथा झाली. शेजारच्या बाकावरच्या माणसाकडेही असे काही असेल, आणि त्याने ते त्याच्या पद्धतीने जपले असेल. त्याच्याशी मी बोललो नाही याचे आता वाईट वाटते.

वडील घरी आले आहेत. काल पहाटे उठून टेबलाशी बसलो. मागे उभा राहणारा तो वाचक आलाच होता. कथा वगैरे काही न ठरवता, ते आता खिडकीशी बसून चष्मा पुसतात ते लिहून पाहिले. चार वाक्ये झाली. तिसरे चुकले आहे, काचेऐवजी ते माझ्याविषयी बोलते. आज पुन्हा तिथूनच सुरुवात करणार आहे.